विश्लेषण : जुन्या जीप-जिप्सीच्या ॲक्सलमधून तेल का गळते? नवे सील बसवूनही गळती का थांबत नाही?

पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा, नदीपात्रे आणि घाटरस्त्यांवर जुन्या महिंद्रा जीप आणि मारुती जिप्सी पुन्हा दिसू लागतात. कुणी त्या शेतावर वापरतो, कुणी हौसेखातर सांभाळतो. या गाड्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते. गाडी उभी केली त्या जागी तेलाचा डाग पडतो किंवा मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला, काळपट ओघळ दिसतो. ‘जुनी गाडी आहे, थोडे तेल टाकणारच’ असे म्हणून अनेकदा दुर्लक्ष होते. काही जण गॅरेजमध्ये जाऊन नवे ऑइल सील बसवून घेतात आणि दोन-तीन महिन्यांत ओघळ पुन्हा दिसतो. ही गळती नेमकी कुठून होते, ती केव्हा धोकादायक ठरते आणि सील बदलण्याआधी काय तपासायला हवे, याचा आढावा.

ॲक्सलमध्ये तेल कशासाठी असते?

१९८५ मध्ये भारतात आलेली जिप्सी आणि त्याआधीपासूनच्या जीप यांच्या पुढे-मागे सलग, कठीण ॲक्सल असतात. मधल्या फुगीर भागात क्राउन आणि पिनियन ही दातेरी चक्रांची जोडी आणि डिफरन्शियल असते. दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून चाकांपर्यंत शाफ्ट जातात. इंजिनाची ताकद प्रोपेलर शाफ्टमधून पिनियनवर येते आणि तिथे काटकोनात वळून चाकांकडे जाते. या जोडीत पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यापासून थोडा खाली सरकवलेला असतो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासतही जातात. साधे तेल या दाबाला टिकत नाही. म्हणून गंधक आणि स्फुरदयुक्त रसायने मिसळलेले जाड गिअर तेल लागते. डब्यावर ‘जीएल-५’ अशी प्रत आणि ‘८०डब्ल्यू-९०’ किंवा ‘९०’ असा जाडपणाचा आकडा असतो. कोणता आकडा घ्यायचा ते गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवावे.

हे तेल फार नसते. जिप्सीच्या एका ॲक्सलमध्ये ते दीड ते दोन लिटरच्या आसपास मावते. म्हणूनच पाव-अर्धा लिटर तेल गेले तरी पातळीत मोठा फरक पडतो. पिनियनचे पुढचे बेरिंग उंचावर असते आणि त्याच्यापर्यंत तेल उडूनच पोहोचते. पातळी उतरली की पहिला फटका त्यालाच बसतो. गाडी वेगात असताना मागून ‘हूं’ असा आवाज येऊ लागला, तर नुकसानीला सुरुवात झाली असण्याची शक्यता मोठी.

गळती खरोखर ॲक्सलचीच आहे, हे कसे ओळखावे?

गाडीखाली तेल दिसले म्हणजे ते ॲक्सलचेच असे नाही. जुन्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि ब्रेक या सगळ्यांतूनच गळती होऊ शकते आणि धावताना वाऱ्याने तेल मागे उडते. ओळखीची पहिली खूण म्हणजे वास. ॲक्सलच्या तेलाला गंधकाचा उग्र, कुजका वास येतो आणि तो हाताला बराच वेळ राहतो. गिअरबॉक्सच्या तेलालाही थोडा तसाच वास असू शकतो, त्यामुळे डाग गाडीच्या मध्यभागी आहे की ॲक्सलखाली, हेही पाहावे लागते. इंजिन तेल काळे असते आणि त्याला हा वास नसतो.

सर्वात महत्त्वाचा फरक ब्रेक तेलाचा. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ती ॲक्सलची असेल किंवा ब्रेकच्या व्हील सिलिंडरची. ब्रेक तेल पातळ असते, पाण्यात मिसळते आणि रंग सोलते. गिअर तेल चिकट असते आणि पाण्यावर तरंगते. ब्रेक तेलाची बाटली भरून ठेवूनही पातळी उतरत असेल तर संशय सिलिंडरवर घ्यावा. दोन्ही दोषांत ब्रेकला धोका असतो, पण दुरुस्ती मात्र पूर्ण वेगळी असते.

गळतीची नेमकी जागा कशी शोधावी?

मळकट ॲक्सलकडे पाहून अंदाज बांधणे ही या कामातली सर्वात मोठी चूक. तेल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे सरकते, त्यामुळे जिथे थेंब लटकतो तिथे क्वचितच गळती असते. आधी केरोसिन आणि ब्रशने ॲक्सल स्वच्छ करून पुसून कोरडा करावा. जोराच्या पाण्याचा फवारा थेट सीलवर किंवा ब्रीदरवर मारू नये, पाणी आत जाते. मग संशयाच्या जागांवर पांढरी पावडर शिंपडावी आणि ॲक्सल गरम होईल इतकी, म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवावी. सपाट जागी पुठ्ठा अंथरून त्यावर रात्रभर गाडी उभी करावी. पावडरवर जिथे ओघळ सुरू झालेला दिसेल, त्या सर्वात वरच्या आणि पुढच्या ओल्या बिंदूपाशी गळतीचे मूळ असते.

अशा जागा ठरावीकच आहेत. पिनियनच्या फ्लँजमागचे सील ही पहिली. तिथून गळती असेल तर डिफरन्शियलच्या पुढच्या तोंडावर आणि प्रोपेलर शाफ्टच्या जोडापाशी तेल उडालेले दिसते. दुसरी जागा पॅकिंगची. जीपच्या मागच्या ॲक्सलला पाठीमागून पत्र्याचे झाकण असते, तर जिप्सीत डिफरन्शियलचा सगळा गोळा पुढून बोल्टने बसवलेला असतो. बोल्ट ढिले झाले, झाकण वाकले किंवा पॅकिंग खराब झाले की त्या कडेने तेल पाझरते. तिसरी जागा तेल भरण्याच्या आणि सोडण्याच्या बुचांची. चौथी चाकाजवळच्या सीलची. इथली गळती ब्रेकच्या मागच्या पत्र्यावर आणि टायरच्या आतल्या भिंतीवर दिसते. पाचवी जागा पुढच्या ॲक्सलच्या गोल सांध्याची. कच्च्या रस्त्यावर आपटलेल्या गाडीत कधी ॲक्सलच्या नळीच्या वेल्डिंगला बारीक चीरही आढळते, पण ते शेवटी तपासावे.

सील नवे असूनही गळती का होते?

या प्रश्नाची चार मुख्य उत्तरे आहेत आणि चारही सीलच्या बाहेरची आहेत.

पहिले, तुंबलेला ब्रीदर. ॲक्सलच्या वरच्या बाजूला हवा आत-बाहेर जाण्यासाठी छोटी वाट ठेवलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात. समजा सकाळी ॲक्सल ३० अंशांना होता आणि घाट चढून तो ८० अंशांपर्यंत तापला. आतली हवा कोंडलेली असेल तर तिचा दाब सुमारे एक-षष्ठांशाने, म्हणजे जवळपास २.४ पीएसआयने वाढतो. टायरच्या हिशेबात हा दाब किरकोळ वाटेल. पण या सीलचे काम उडणारे तेल अडवण्याचे आहे, दाबाखालच्या हवेला तोंड देण्याचे नाही. हवा सर्वात कमकुवत सीलचे ओठ उचलते आणि तेल बरोबर घेऊन बाहेर पडते. चिखलातून फिरणाऱ्या गाडीचा ब्रीदर मातीने बंद होणे नेहमीचेच. तो काढून केरोसिनमध्ये धुऊन फुंकून पाहायला पाच मिनिटे लागतात. मात्र अनेकदा दोन-तीन सील बदलून झाल्यावरच त्याची आठवण होते.

दुसरे, शाफ्टवर पडलेली खाच. सीलचे रबर मऊ असले तरी त्यात अडकलेली धूळ वर्षानुवर्षे लोखंड घासते आणि शाफ्टवर बारीक वर्तुळाकार चर पडतो. त्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले तर नवे सील त्याच चरावर बसून पुन्हा गळणार. यावर उपाय दोन आहेत. त्या जागी पातळ पोलादी बाही चढवायची किंवा जागा असेल तर सील किंचित पुढे-मागे बसवायचे, म्हणजे त्याचे ओठ नव्या पृष्ठभागावर येतात.

तिसरे, झिजलेले बेरिंग. शाफ्ट मध्यावर न फिरता डगमगू लागला की सील एका बाजूला दाबले जाते आणि दुसऱ्या बाजूला उघडते. चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवून पाहावे. पिनियनचा फ्लँज वर-खाली हलतो का, तेही पाहावे. फ्लँज गोल फिरवताना जाणवणारी थोडी ढिलाई दात्यांमधल्या मोकळ्या जागेची असते आणि ती स्वाभाविक आहे. वर-खाली हालचाल मात्र बेरिंगचा दोष दाखवते.

चौथे, जास्त भरलेले तेल. ‘गळतेच आहे तर थोडे जास्त टाकू’ हा विचार उलटा पडतो. गाडी सपाटीवर असताना भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल पुरेसे असते. बोट आत घातल्यावर ते लगेच लागले पाहिजे. त्याहून जास्त झालेले तेल शाफ्टच्या नळ्यांतून चाकाकडे सरकते.

चाकाजवळची गळती सर्वात धोकादायक का?

कारण ते तेल ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ब्रेक शूच्या अस्तराला तेल लागले की त्या चाकाचा ब्रेक कमी लागतो आणि दुसऱ्या बाजूचा पूर्ण लागतो. गाडी एका बाजूला ओढ घेते. सपाट रस्त्यावर चालक स्टिअरिंग सावरून घेतो. ओल्या घाटउतारावर, मागे माणसे किंवा सामान असताना गाडी अचानक घसरू शकते. कमी वजनाच्या आणि आखूड गाडीत सावरायला वेळ फार थोडा मिळतो.

दुसरा धोका बेरिंगचा. जिप्सीच्या मागच्या ॲक्सलमध्ये शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. शाफ्टवर दाबून बसवलेले बेरिंग आणि त्यामागचे कडे यांच्यामुळेच तो जागेवर राहतो. बेरिंग पूर्ण निकामी झाले आणि कडे सरकले तर शाफ्टसकट चाक बाहेर येऊ शकते. चाकाजवळच्या ओल्या ओघळाकडे म्हणूनच बेरिंगची पूर्वसूचना म्हणून पाहावे लागते.

दुरुस्ती करताना काय काळजी घ्यावी?

कामाची सुरुवात तेल भरण्याच्या बुचापासून करावी. ते उघडते याची खात्री करूनच खालचे बूच सोडावे. अन्यथा तेल काढून बसल्यावर वरचे बूच गंजून अडकल्याचे कळते आणि गाडी जागेवरच राहते. निघालेले तेल स्वच्छ भांड्यात घेऊन पाहावे. ते दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. चुंबकी बुचाला लागलेला राखाडी, मलईसारखा लेप ही नेहमीची झीज असते. पण कपचे किंवा चकत्या निघाल्या तर नुसते सील बदलून भागणार नाही, डिफरन्शियल उघडावाच लागेल.

गाडीखाली जाताना फक्त जॅकवर विसंबू नये. दुसऱ्या टोकाच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि ॲक्सलखाली पक्के स्टँड ठेवावेत. जिप्सीत ड्रम काढून, हँडब्रेकची केबल आणि ब्रेकची नळी सोडवून, मागच्या पत्र्याचे चार नट काढले की शाफ्ट पत्र्यासह ओढून काढता येतो. ब्रेकची नळी सुटली म्हणजे शेवटी ब्रेकमधली हवा काढणे आलेच. जुन्या जीपमध्ये हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो आणि त्यासाठी पुलर लागतो. त्या वेळी मधला नट पूर्ण काढू नये, काही आटे सोडून तसाच ठेवावा. हब सुटतो तेव्हा प्रचंड जोराने सुटतो आणि नट नसेल तर तो अंगावर येऊ शकतो. पुलरऐवजी हातोड्याचे घाव घातले तर चांगले बेरिंगही खराब होते. परत बसवताना नट ठरलेल्या जोराने आवळावा. कॉटर पिनचे छिद्र जुळत नसेल तर नट आणखी घट्ट करावा, सैल करू नये.

नव्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे मिलिमीटरमध्ये कोरलेले असतात. ते जुन्या सीलशी ताडून घ्यावेत. बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे असते. ओठांना तेल किंवा ग्रीस लावून सील सपाट ठोकळ्याने सर्व बाजूंनी सारखे ठोकावे. तिरके बसलेले सील पहिल्या दिवसापासून गळते. शाफ्ट आत सरकवताना त्याचे वजन सीलवर टाकू नये, कारण शाफ्टच्या टोकाचे दाते ओठ कापतात. बेरिंग बदलायचे असल्यास ते प्रेसवरच दाबावे. जुने कडे पुन्हा वापरू नये.

तेल पिऊन बसलेले ब्रेक शू पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. अस्तरात मुरलेले तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येते. शू बदलणे हाच उपाय आहे आणि तेही दोन्ही बाजूंचे, म्हणजे ब्रेक सारखे लागतात. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

पिनियनचे सील घरी बदलता येते का?

सील लहान असले तरी हे काम जोखमीचे आहे. फ्लँजचा मोठा नट पिनियनच्या बेरिंगवरचा ताणही ठरवतो. जिप्सीत हा ताण दबून आखूड होणाऱ्या एका नळीवर अवलंबून असतो. नट जास्त आवळला तर ती नळी कायमची दबते आणि बेरिंग तापून निकामी होते. कमी आवळला तर पिनियन ढिले राहून दाते झिजतात. म्हणून नट, फ्लँज आणि शाफ्ट यांवर एका रेषेत खूण करून, बाहेर दिसणारे आटे मोजून मगच नट सोडावा आणि परत त्याच खुणेवर आणावा. फ्लँज हाताने फिरवताना लागणारा जोर आधी आणि नंतर सारखा हवा. ही मापे घेणारा कारागीर नसेल, तर थोडी पाझर सहन करून पातळी तपासत राहणे घाईच्या दुरुस्तीपेक्षा परवडते.

पुढच्या चाकामागून येणाऱ्या पातळ ग्रीसचा अर्थ काय?

जिप्सीच्या आणि जुन्या जीपच्या पुढच्या ॲक्सलला टोकाशी बंद, गोल सांधा असतो. त्याच्या आत ग्रीस असते आणि बाहेरून गोळ्यावर घासणारे वायपर सील. तिथून काळे, पातळ द्रव्य वाहू लागले की बहुतेक वेळा बाहेरचे सील बदलले जाते. वास्तविक बाहेर येणारे ग्रीस पातळ झालेले असते, कारण ॲक्सलच्या नळीतले आतले सील गेलेले असते आणि डिफरन्शियलचे तेल ग्रीसमध्ये मिसळत असते. अशा वेळी बाहेरचे सील कितीही वेळा बदलले तरी उपयोग नसतो. सांधा उघडून, धुऊन, आतले सील बदलून नवे ग्रीस भरावे लागते. त्याच वेळी सांध्याच्या वर-खालच्या बेरिंगची ढिलाईही पाहावी.

नदी ओलांडल्यावर काय तपासावे?

तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी आत ओढते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर त्यातून, तो तुंबलेला असेल तर सीलमधून. म्हणूनच कच्च्या वाटांवर फिरणाऱ्या गाड्यांचे ब्रीदर रबरी नळीने वर, इंजिनाच्या कप्प्यापर्यंत नेले जातात. खर्च किरकोळ आणि फायदा मोठा. खोल पाण्यातून गेल्यावर एक-दोन दिवसांत भरण्याचे बूच उघडून तेलाचा रंग पाहावा. दुधाळ तेलात गाडी चालवत राहिल्यास बेरिंग गंजतात.

गळती असताना गाडी चालवावी का?

याचे उत्तर तीन पायऱ्यांत देता येते. नुसता ओलसर थर असेल आणि थेंब पडत नसेल तर नोंद ठेवून महिन्याला पातळी पाहावी. जमिनीवर थेंब पडत असतील तर आधी ब्रीदर आणि पातळी तपासून लवकर दुरुस्ती करावी. ड्रम किंवा टायरची आतली बाजू ओली असेल, ब्रेक लावताना गाडी ओढत असेल किंवा चाक हलत असेल तर गाडी घाटात नेऊ नये. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते तेव्हा तपासणी होते. पण ब्रेकचा दोष तोवर थांबत नाही.

गळती थांबवण्यासाठी मिळणारी द्रव्ये जुने रबर फुगवतात आणि काही काळ आडोसा देतात. खाच, ढिले बेरिंग किंवा तुंबलेला ब्रीदर त्यांनी दुरुस्त होत नाही. अधिक जाड तेल टाकण्याचेही तेच. काढलेले तेल शेतात, नाल्यात किंवा वाटेवर धूळ बसवायला ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी घेणाऱ्याकडेच द्यावे.

गॅरेजमध्ये जाताना ‘सील बदला’ असे सांगण्याऐवजी ‘गळती कुठून आणि का होते ते आधी दाखवा’ असे सांगणे म्हणूनच अधिक उपयोगी. ब्रीदर साफ आहे का, शाफ्टवर खाच आहे का, बेरिंग हलते का आणि तेल किती आहे, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच नव्या सीलची पुडी फोडावी.